धक्क्यावरचं भात

दिवाळी उलटून गेलेली, कापलेल्या भाताची कडपं शेतात वाळत पडलेली, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं, की आमच्या घरात एक चमत्कारिक गप्पपणा येतो. शेजारीपाजारी अंगणात उभे राहून एकमेकांना विचारत असतात, येईल का, टळेल का, आज झोडायला घ्यावं की उद्या. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारायचा असतो, आणि आमच्या घरचं वडीलधारं माणूस म्हणजे माझे वडील. सारा गाव त्यांना भाऊ म्हणतो, म्हणून आम्हीही भाऊच म्हणतो. पावसाचं विचारा, बसची वेळ विचारा, भाजीत मीठ बरोबर आहे का विचारा, गेली कित्येक वर्षं त्यांचं उत्तर एकच असतं. "मला काय म्हाईत?"

यंदाही परतीचा पाऊस परत जायचं नाव घेईना. तळेगावच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर मी बसते. तिथून रजा काढून मी झोडणीला घरी निघाले. गाडीच्या खिडकीतून भातखाचरं दिसत होती, कुठे उभी, कुठे आडवी झालेली. कापलेल्या भाताचा तो वास आत आला. ओल्या पेंढ्याचा आणि इंद्रायणी तांदळाच्या कच्च्या गोडव्याचा असा तो मिसळलेला वास असतो. दुसऱ्यांना तो आला की भूक लागत असेल. मी खिडकी लावून घेते.

आमचं स्टेशन यायच्या थोडं आधी डाव्या हाताला गवतात एक वळण दिसतं. तिथले रूळ कधीच उचलून नेले, पण वळण राहिलं आहे. खडीवर टाकळा माजतो, पावसाळ्यात त्याचं हिरवं वळण होतं आणि नंतर वाळून पिवळं. नवख्या माणसाला तिथं काही दिसणार नाही. मला मात्र ते दिसलं की मी अजून कान देते. सवय जात नाही.

भाऊ रेल्वेचे नव्हते, कारखान्याचे होते. पण आयुष्य गेलं रुळांपाशीच. मेन लाइनवरून एक फाटा गावाच्या अंगानं आत वळायचा आणि डोंगराच्या पायथ्याच्या लोखंडाच्या कारखान्यापर्यंत जायचा. त्याला साइडिंग म्हणायचे. बाहेरून दगडी कोळसा आणि लोखंडाचे ठोकळे यायचे, आतून सळया आणि पट्ट्या जायच्या. फाटकाशी रुळांच्या दोन वाटा होत, एक भट्टीकडे आणि एक माल उतरवायच्या धक्क्याकडे. गाडी कुठल्या वाटेनं जाणार ते सांधा बदलून ठरायचं, आणि तो बदलणारा सांधेवाला म्हणजे भाऊ. हातात हिरवा नि तांबडा झेंडा, खांद्यावर तेलकट टॉवेल. आम्हा बहिणींना वाटायचं, एवढी मोठी मालगाडी भाऊंच्या हुकमानं चालते. त्यांनाही थोडंफार तसंच वाटत असावं, कारण मिशीला पीळ द्यायचं त्यांना झेंडा हातात आल्यावरच सुचायचं.

मालगाडीच्या डब्यांना वाघिणी म्हणतात. आमच्या गावात रांगतं पोरसुद्धा वाघिणी भरलेल्या आहेत की रिकाम्या ते ऐकून ओळखायचं, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. भरलेली गाडी आली की आवाज आधी पायांना कळायचा. जमीन दबल्यासारखी व्हायची, मांडणीवरची भांडी हलकेच किणकिणायची आणि मग घुमत घुमत ती यायची. रिकामी गाडी नुसती खडखडायची, पत्र्याचे डबे दोरीला बांधून ओढल्यासारखी. आई चुलीपाशी बसल्या जागेवरून सांगायची, "भरलेली हाय, भाऊंना आज उशीर." त्यावर भाकरी किती वेळानं टाकायच्या ते ठरायचं. भरलेल्या गाडीवर आमचं घर चालायचं, आमचं काय, आसपासच्या कितीतरी घरांची चूल त्या आवाजावर पेटायची.

आणि तो धक्का! लांबलचक, उंच, सिमेंटचा, डोंगराकडून येणारा वारा थेट अंगावर घेणारा. मावळात पाऊस जातो पण ओल जात नाही. खळं सारवलं तरी खालून गारवा येतो आणि भात वाळता वाळत नाही. त्यामुळे दोन रेकच्या मधल्या दिवसांत गावानं धक्क्यावर भात झोडायचं, ही आमच्याकडची जुनी चाल. पुरी मालगाडी म्हणजे रेक. कारखान्याच्या साहेबांनी याला कधी परवानगी दिली नाही आणि कधी अडवलंही नाही. कोळशाची भुकटी झाडून, पाणी मारून धक्का लख्ख केला जायचा. मग पेंढ्या आपटल्याचे आवाज, उडणारा भुसा, सुपांची फडफड. गावात खळी ज्याची त्याची, वाड्या वेगळ्या. धक्क्यावर मात्र पाटलाच्या भाताशेजारी बौद्धवाडीतल्या कौसामावशीचं भात पडलेलं असायचं, आणि वारा सुटला की दोन्हीकडचं फोलकट एकमेकांत मिसळायचं. राखणीला भाऊ. रेक यायचा असला की स्टेशनातून त्यांना निरोप यायचा आणि ते सांगायचे, "उद्या दुपारपातूर उचला." त्यांनी सांगितलं की लोक उचलायचे. खरंच येणार का, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

नव्या भाताचे पोहे कांडले की पहिली पुरचुंडी सुगीतल्या पहिल्या रेकच्या डायवर आणि गार्डला जायची. त्याला 'रेकचा वाटा' म्हणायचे. गरम, चिवट, हिरवट झाक असलेले पोहे, वर गुळाचा खडा. ते इंजिनापर्यंत न्यायचा मान कौसामावशीचा. तिचा नवरा भट्टीवर होता आणि तो लवकर गेला, तेव्हापासून ती हे करायची. डायवर कधी नागपूरकडचा, कधी बिहारचा. त्याला कळायचंही नाही की ही बाई आपल्याला का खाऊ घालते. मावशी त्याला समजावत बसायची नाही. खा म्हणायची आणि तो खाईपर्यंत खाली उभी राहायची.

मग उतार लागला. कारखाना एका दिवसात मरत नाही, आजारी माणसासारखा कुरकुरत राहतो. आधी तिसरी पाळी बंद झाली. पावसाळ्यात रात्री ढगांवर भट्टीचा तांबूस उजेड पडायचा तो दिसेनासा झाला. मग कोळशाचे रेक विरळ झाले. साहेब म्हणायचे, बाहेरची सळई स्वस्त पडते, कोळसा महाग, भट्टी जुनी. आसपासच्या भट्ट्याही एकेक करून गार पडत होत्या. पण बंद पडला असं कुणी म्हणत नसे. 'शिफ्ट होतोय' म्हणत. बिऱ्हाड हलवावं तसं. कुठे शिफ्ट होतोय, हे सांगणारा मात्र मला अजून भेटायचा आहे.

मग एका वर्षी उन्हाळ्यात आमच्या कारखान्याच्या फाटकावर पाटी लागली, 'देखभालीसाठी तात्पुरता बंद.' माणसं घरी बसली. काहीजण लोणावळ्यात बंगल्यांवर राखणदार म्हणून गेले, काहीजण पावसाळ्यात भुशी धरणापाशी मक्याची कणसं भाजायला बसले. भट्टीच्या कामगारानं कोळशाच्या शेगडीवर पर्यटकांसाठी कणीस भाजायचं, यात हसण्यासारखं काही नाही, पण ते स्वतःच हसायचे. भाऊंना औंढ्याच्या माझ्या मामांनी एका बंगल्यावरचं काम बघून दिलं होतं. भाऊ गेले नाहीत. ते रोज सकाळी साइडिंगवर जायचे, सांध्याला तेल घालायचे, गंज पुसायचे. "पाटीवर तात्पुरता लिवलंय," ते आईला सांगायचे. त्या एका शब्दावर त्यांनी पावसाळा काढला.

सुगी आली. गाडी येण्याची भीतीच नव्हती, म्हणून त्या वर्षी अख्ख्या गावानं भात धक्क्यावर आणलं. इतकं भात तिथं मी कधी पाहिलं नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोनेरी, मधून चालायला पायवाटेएवढी जागा. मी तेव्हा कॉलेजला होते, सुट्टीला आलेले. मला ते सुंदर वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. कारखाना चालू असता तर एवढी जागा मिळालीच नसती.

आणि एका संध्याकाळी स्टेशनातून भाऊंना फोन आला. उद्या सकाळी साइडिंगला रेक लागणार आहे, धक्का मोकळा ठेवा.

भाऊंचा तो चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी मिशीला पीळ दिला, हातात झेंडा नसताना. ते धावतच धक्क्यावर गेले आणि त्यांनी सांगितलं, "उचला. रेक येतोय. कारखाना चालू व्हतोय." पहिली दोन वाक्यं स्टेशनची होती. तिसरं त्यांचं स्वतःचं. पण लोकांनी तिन्ही एका दमात ऐकली, कारण इतकी वर्षं भाऊंचं वाक्य आणि स्टेशनचं वाक्य वेगळं नव्हतंच.

पाऊस भुरभुरायला लागला होता. भात अर्धं ओलंच होतं. पण कुणी कुरकुर केली नाही. उलट लग्नघरासारखी गडबड उडाली. बायका गाणी म्हणत पोती भरत होत्या. भट्टीवाले एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. ज्यांची घरं ऐसपैस त्यांनी ओसरीवर भात पसरलं, पडवीत पसरलं, माणसांनी झोपायचं तिथं पसरलं. कौसामावशीची एकच खोली. तिनं भाताची रास घरामागं ताडपत्रीखाली झाकली आणि ती पोहे कांडायला बसली. रात्री पाऊस बदाबदा कोसळला. मी अंथरुणात पडल्या पडल्या तिचं मुसळ ऐकत होते. तिचं भात भिजत असेल असं माझ्या मनात आलं, आणि तरी मला आनंदच होत होता.

सकाळी धुकं. साइडिंगच्या दोन्ही अंगांना माणसं उभी. हलगी आणली होती. कुणीतरी इंजिनासाठी झेंडूची माळ आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण केलं होतं. भाऊ सांध्यापाशी, धुतलेला शर्ट घालून. मेन लाइनवर गाडी थांबल्याचं कळलं, मग ती वळायला लागली. आम्ही सगळे पायांनी ऐकत होतो.

जमीन हलली नाही.

धुक्यातून आला तो खडखडाट. पत्र्याचा, पोकळ, एकामागून एक डब्याचा. माझ्या शेजारी पाटलांचा थोरला उभा होता, त्यानं हलगीवाल्याकडे पाहिलं आणि हलगीवाल्यानं खाली. प्रत्येकाला ऐकू आलं होतं. कोळसा घेऊन आलेली गाडी अशी वाजत नाही. ही काहीतरी न्यायला आली होती, आणि आतून न्यायला तयार झालेला माल त्या कारखान्यात उन्हाळ्यापासून नव्हता. जे नेण्यासारखं उरलं होतं, तो कारखानाच होता. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांची मान किंचित कलली, ऐकताना कलते तशी, आणि तशीच राहिली. मग त्यांनी सांधा ओढला, धक्क्याची वाट धरून दिली आणि हिरवा झेंडा वर केला.

पुढचं मला आजही नीट समजत नाही. हलगी वाजली. माळ घातली गेली. कौसामावशी पुरचुंडी घेऊन इंजिनाखाली गेली, म्हणाली, "खा, बाबा," आणि तो खाईपर्यंत उभी राहिली.

नंतरचे दिवस गॅसकटरच्या वासाचे. आतली यंत्रं कापून, तोडून बाहेर येत होती. ज्या रोलरांमधून तांबडी सळई पळायची ते रोलर, भट्टीची दारं, चाकं, सगळं भाताच्या जागी धक्क्यावर रचलं गेलं. जे वाघिणीत बसेना ते ट्रकनं सोमाटण्याच्या रस्त्याला लागलं. शेवटी रेक निघाला तेव्हा जमीन दबली, मांडणीवरची भांडी किणकिणली. आई चुलीपाशी होती. ती भाकरी थापत राहिली. भाऊंनी त्या गाडीलाही झेंडा दाखवला आणि घरी येऊन हातपाय धुतले.

भात तोवर ओसरीवर, पडवीत, पोत्यांत तापलं होतं. पोती उघडली तर आतून वाफ आणि आंबूस वास. दाण्यांना पांढरे कोंब आले होते. कौसामावशीचं जवळजवळ सगळं गेलं. तिनं ते सुपात घेऊन कोंबड्यांना टाकलं आणि त्या वर्षी ती परक्याच्या दुकानातला तांदूळ शिजवत राहिली.

गावानं भाऊंना दोष दिला नाही. एकानंही नाही. भेटले की उलट तेच म्हणायचे, तुमी तरी काय करनार, निरोप तसाच व्हता. मला वाटायचं किती चांगली माणसं आहेत आपली. माणसाला न रागावून किती एकटं पाडता येतं हे मला फार उशिरा कळलं. भाऊंनी त्यानंतर बंगल्यावरचं काम धरलं, तिथं वय होईपर्यंत राखण केली. पण 'उद्या असं होईल' हे वाक्य त्यांनी परत उच्चारलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी स्थळ कसं वाटतं असं आईनं विचारलं तर म्हणाले, मला काय म्हाईत. मी तेव्हा चिडले होते. स्वतःच्या मुलीबद्दलही बापाला काही माहीत नसावं?

आता धक्क्याभोवती तारेचं कुंपण आहे. फाटकावर पाटी आहे, हिरवागार डोंगर, निळा तलाव, 'तुमचं दुसरं घर.' ज्यांचं पहिलं इथं होतं त्यांनी काय करायचं, ते पाटीवर लिहिलेलं नाही. कौसामावशीचं अंगण रस्त्यात गेलं, म्हणून ती आता भात आमच्या सिमेंटच्या अंगणात वाळवते. आणि दर सुगीला नव्या पोह्यांची पुरचुंडी भाऊंच्या पुढ्यात ठेवते. रेक येत नाही, मग वाटा कुणाला द्यायचा, असं तिचं म्हणणं. भाऊ ती घेतात, फळीवर ठेवतात. खाताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

यंदा मी पोचले त्या दुपारी आभाळ उघडलं होतं. मावशी पायांनी भात फिरवत होती, अंगणभर रेघा ओढत. भाऊ ओट्यावर भिंतीला टेकून. पुरचुंडी त्यांच्या शेजारी तशीच. मेन लाइनवरून मालगाडी गेली, भरलेली, लांबून लांब जाणारी. आमच्या स्टेशनात आता ती थांबत नाही. तिचा आवाज विरेपर्यंत मावशी थांबली आणि म्हणाली,

"भाऊ, त्या दिशी तुमाला ऐकू आलं व्हतं ना?"

मी दारात उभी होते. इतक्या वर्षांत हा विषय आमच्या अंगणात कुणी काढला नव्हता.

"व्हय," भाऊ म्हणाले.

"मंग हिरवा का दाखवला?"

"गाडी निम्मी मेन लाइनवर व्हती. मागनं पॅशिंजर येनार." मग मावशीकडे बघत, "तुमाला बी ऐकू आलं व्हतं. तुमी पोहं का दिलं?"

"त्या डायवरला काय ठावं, आमी कशाची वाट बघत हाय त्ये. त्यो उपाशी आलता." ती परत भात फिरवायला लागली. "आन् तुमास्नी आमी कदी काय म्हनलो का? न्हाई ना?"

"म्हनायला पायजे व्हतं," भाऊ म्हणाले.

मावशीचे पाय थांबले. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं ती आता नेहमीसारखं म्हणेल, तुमी तरी काय करनार. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मंग आता म्हनते. माजं भात तुमच्यामुळं गेलं, भाऊ."

"व्हय," भाऊ म्हणाले. "माज्यामुळंच गेलं."

मला रडू आलं, ते लपवायला मी आत गेले. बाहेर आले तेव्हा भाऊ ओट्यावरून उतरले होते. डोंगराच्या बाजूला एक ढग होता, छोटासाच. बाकी ऊन चांगलं होतं. भाऊ त्या ढगाकडे बघत म्हणाले, "आत घ्या भात. पाऊस येनार हाय."

मावशीनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती वाकली आणि भात गोळा करायला लागली. मी सूप घेतलं, आईनं पोती आणली, भाऊंनी पोत्यांची तोंडं धरली. अंधार पडायच्या आत अंगण मोकळं झालं.

पाऊस आला नाही. संध्याकाळी नाही, रात्री नाही. मी मध्येच उठून बाहेर पाहिलं, आभाळ चांदण्यांनी भरलेलं होतं. पावसासाठी मी आयुष्यात एवढी कधी तळमळले नसेन. भर सुगीत पाऊस मागत होते, शेतकऱ्याच्या पोरीनं मागू नये असं मागणं.

सकाळी भाऊ ओट्यावर येऊन बसले, खाली बघत. पुरचुंडी आदल्या दिवशी होती तिथंच होती. अंगणात कोवळं ऊन पडलं होतं. मला वाटत होतं, आता पुन्हा तोच गप्पपणा, आणि पुन्हा कित्येक वर्षं. एवढ्यात कौसामावशी आली. तिनं कोरड्या अंगणाकडे पाहिलं, भिंतीला लावून ठेवलेल्या पोत्यांकडे पाहिलं. मग ती भाऊंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "आज टाकू का भाईर?"

भाऊंनी मान वर केली. ते कितीतरी वेळ डोंगराकडे बघत राहिले. मावशी वाट बघत उभी होती. दुसऱ्या कुणाला विचारायचं असतं तर पाटलांचं घर वाटेतच होतं.

"टाका," भाऊ म्हणाले. "मी हाय हितं बसून."

आणि त्यांनी पुरचुंडीची गाठ सोडली.